युनिव्हर्सिटी अंगणात आली तो शुक्रवार

बाई, सगळ्यात आधी कोण आलं असंल, सांगा बरं. पाहुणे न्हाई, माझी धाकटी जाऊ. पाहुण्यांची गाडी अजून पाराला वळसा घालून राहिली होती अन् ही पदर खोचून आमच्या ओसरीवर हजर. म्हणे, अक्का, मी आपली मदतीला आले. मदत कसली, तिला पाहायचं होतं की ख्रिश्चन युनिव्हर्सिटीतली माणसं दिसतात कशी. तिच्या डोक्यात कोणी गोरी मडम होती, पायात बूट अन् गळ्यात हा एवढा क्रूस. गाडीतून आधी उतरली एक उंच, गोरीपान पोरगी, डोक्यावर ओढणी घेतलेली. तिच्या मागून एक बुटकी, सावळी, पांढऱ्या केसांची बाई, सुती साडीतली, हातात कापडी पिशवी. जाऊनं पोरीपुढं हात जोडले, या मॅडम म्हणाली, अन् मागच्या बाईला सांगितलं की तू तिकडं लिंबाखाली बस, तुला चहा देते. ती बाई हसली, बरं म्हणाली अन् खरंच लिंबाखाली जाऊन बसली. तीच मॅडम होती. पोरगी तिच्या हाताखाली शिकणारी, माझ्या नातीच्या खोलीत राहणारी. हे कळल्यावर जाऊचं तोंड पाहायसारखं झालं. मला किती दिवसांनी असं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला.

पण मी मधूनच सुरू केलं. तुमाला यातलं काहीच ठाऊक न्हाई हे माझ्या ध्यानातच राहत न्हाई. तुमी गेल्या तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं, ही सगळी माणसं तुमच्या नंतरची. माझा एकच पोरगा, त्याची बायको, अन् त्यांची लेक, जी शिकून राहिली. मी कोण ते तरी आठवतं का? चौथीतली, खांबाजवळ बसायची ती. अक्षरं रेघेच्या वर तरंगत काढायची म्हणून तुमी माझा कान धरला होता. अक्षराला पाय असतात, त्याला जमिनीवर उभं कर, असं म्हणल्या होत्या. आता या कागदावर पाहा, काही उभी आहेत अन् काही अजून तरंगूनच राहिलीत. सोयाबीनच्या पिशवीवरचं वाचते, एसटीची पाटी वाचते, पण एवढं लांब लिहायची वेळ या हाताला कधी आली न्हाई. काल जे झालं ते सांगायला तुमच्याशिवाय दुसरं माणूस मला सुचेना, म्हणून बसले.

तर ही नात. ती लांब दक्षिणेत, एका ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत शिकती. काय शिकती विचाराल तर माती. व्हय, माती. आपल्याकडं हळदीचा कंद जमिनीतल्या जमिनीत सडतो, तुमच्या वेळेला आमी म्हणायचो की वावराला नजर लागली. ती म्हणती, आज्जी, नजर न्हाई, मातीत डोळ्याला न दिसणारे जीव असतात. काही कंद सडवतात अन् काही त्याला राखतात, अन् राखणारे कोणते ते हुडकायचं. म्हणून ती सुट्टीला आली की आमच्या वावरातली माती पिशव्यांत भरून नेती. आगगाडीत लोक लोणचं नेतात, पापड नेतात, ही माती नेती. तिथं ती माती काचेच्या बशांत ठेवतात, अन् प्रत्येक बशीवर लिहितात, विहिरीकडचा कोपरा, बांधाकडचा कोपरा. मी मोबाईलमधी पाहिलं, बाई. ज्या कोपऱ्यात मी आयुष्यभर निंदण केलं त्याचं नाव एवढ्या मोठ्या युनिव्हर्सिटीत काचेवर लिहिलंय. मी लई वेळ तो फोटो धरून बसले होते, सून म्हणाली, आत्याबाई, मोबाईल गरम झाला, ठेवा आता.

ती सांगती अन् मी ऐकत राहते. तिथं पुस्तकांची एक इमारत आहे, नुसत्या पुस्तकांची. दिवसभर आत बसा, कोणी विचारत न्हाई की तुमाला काय पाहिजे. मी म्हणाले, दुकानात जरा उभं राहिलं तरी दुकानदार विचारतो, अन् तिथं कोणीच न्हाई? ती म्हणाली, कोणीच न्हाई, उलट लवकर उठलं तर पुस्तकवाल्या बाई म्हणतात, आज एवढ्यात चालली? काही पुस्तकं इतकी जुनी की हातात पातळ मोजे घालून उघडायची, बाळंतिणीचं लेकरू धरावं तशी. अन् वर्गात काय चालतं ते ऐकून तर मी थक्कच झाले. मॅडम आपलं म्हणणं फळ्यावर मांडतात अन् म्हणतात, आता यात माझं कुठं चुकलं ते सांगा. जो चूक दाखवून त्याचं कारण बराबर देईल त्याला जास्तीचे मार्क. शिकवणाऱ्याला चूक म्हणायचं अन् वरून मार्क घ्यायचे. आपल्या शाळेत तुमी एकट्याच अशा होत्या की प्रश्न विचारला तर खूश व्हायच्या. बाकी मास्तर तर छडीच शोधायचे.

हे सगळं उभं केलं ते लई वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेल्या काही बायांनी. भाड्याचं घर घेतलं, गावच्या मूठभर पोरी जमवल्या, भाषा येईना तर त्या पोरींकडूनच भाषा शिकल्या अन् त्यांनाच शिकवायला लागल्या. त्या बायांचा फोटो मोठ्या हॉलमधी लावलाय. नात म्हणती, त्यातली एक हुबेहूब तुझ्यासारखी कपाळाला आठी घालून बसलीय. दाराच्या कमानीवर कोरलंय की इथं जे मिळंल ते आपल्यापाशी दाबून ठेवू नका. नुसतं कोरून सोडलं न्हाई त्यांनी. शनिवार आला की सगळी लेकरं जुन्या दवाखान्यात जातात. ज्यांच्या हातापायाची बोटं झडली, ज्यांना घरचं कोणी भेटायला येत न्हाई, अशांच्या जवळ बसतात, केस विंचरून देतात, पेपर वाचून दाखवतात. मी विचारलं, याचे किती मार्क? ती म्हणाली, याला मार्क न्हाईत. मंग काहून जाता? तर म्हणती, मार्क न्हाईत म्हणूनच तर, आज्जी. त्या दिवशी मी भाकरी थापत होते, माझा हात परातीतच थांबला.

सकाळी घंटा होती, प्रार्थना होती. ज्याला जायचं तो जातो, ज्याला न्हाई तो झाडाखाली अभ्यास करत बसतो. ही जायला लागली ते गाण्यासाठी. तिचा गळा माझ्या आईवर गेलाय. नाताळाला तिथं मोठं गाणं असतं, आवाज कमी पडत होते, हिला उभं केलं. पांढरा झगा, हातात मेणबत्ती, अन् डोळे मिटून गाऊन राहिलेली. कोणी तरी फोटो काढला, तो फिरत फिरत आमच्या गावातल्या मोबाईलमधी आला अन् जाऊनं तो ओसरीवर बसून सगळ्या भावकीला दाखवला. म्हणे, घ्या, पोरगी गेली हातची. माझा पोरगा भांडखोर न्हाई, तो काहीच बोलला न्हाई. पण पोरगी सुट्टीला आली अन् परत जायचा दिवस आला तेव्हा तिच्या बॅगेवर हात ठेवून एवढंच म्हणाला, आता राहू दे. ओरडला असता तर तिनं बी ओरडून घेतलं असतं. तो ओरडलाच न्हाई, मंग तिचं बी तोंड मिटलं. रोज उठून वावरात जायची, हळद शिजवायला मदत करायची, अन् संध्याकाळी पिवळे हात घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायची. शेवटचं वर्ष, बाई. परीक्षा तोंडावर आली होती, अन् बशांमधली माती तिकडं तिची वाट पाहून राहिली होती.

अन् गुरुवारी पोराला फोन आला. त्या युनिव्हर्सिटीची एक रीत आहे. प्रत्येक मॅडमकडं थोडी थोडी लेकरं सोपवलेली असतात, त्यांचं गाव कोणतं, घरी कोण, काय अडचण, सगळं ठाऊक ठेवायचं. एखादीची जागा रिकामी राहिली अन् कारण पटलं न्हाई, तर कागद पाठवून मोकळं होत न्हाईत. मॅडम स्वतः घरी जातात. मी हे ऐकलं अन् मला वाटलं थट्टा करून राहिलेत. एवढी मोठी शिकलेली बाई, एवढे कोस, आमच्या एका पोरीसाठी? पोरगा म्हणाला, त्या उद्या येऊन राहिल्या. त्यानं लेकीला काही सांगितलं न्हाई, उगं रडारड नको म्हणून. शुक्रवारी सकाळीच तिला डबा देऊन वावरात धाडलं.

आता इथं आमी जे केलं ते ऐका. पोराच्या मनात राग असंल नसंल, पण दारात येणारा माणूस तो पाहुणा, त्यात त्याचं कधी चुकत न्हाई. जाऊ म्हणाली, ख्रिश्चन लोकांना कोंबड्याशिवाय जेवल्यासारखंच वाटत न्हाई, अन् आमी सगळ्यांनी मान डोलवली, जशी काही रोज त्यांच्या पंगतीला बसतो. पण शुक्रवारी निघाली संकष्टी. मला अन् सुनेला उपास, अन् संकष्टीला आमच्या घरात तसलं भांडं चुलीवर चढत न्हाई. मंग पोरानं अंगणात लिंबापलीकडं तीन दगडांची चूल मांडली, वेगळं भगुणं काढलं, कोंबडा कापला अन् स्वतः ढवळत बसला. जाऊ बाजूला उभी राहून मीठ टाक, तिखट टाक सांगत होती. आत मी अन् सून आपली भगर अन् शेंगदाण्याची आमटी करत होतो. घराच्या आत एक वास, बाहेर दुसरा.

पाहुण्यांचा चहा झाला. म्हणजे मॅडमचा झाला, पोरीनं कप हातात घेतलाच न्हाई. मी म्हणाले, घे ना माय, लाजू नको. ती हैदराबादकडची, तिची बोली आपल्याला कळती, निजामाच्या वेळेपासूनची ओळख आहे कानाला. ती म्हणाली, "दादी, मेरा रोजा है. बुरा नक्को मानो." ख्रिश्चन युनिव्हर्सिटीतून आली अन् रोजा? मी म्हणाले, मंग तिथं तुझी सोय कशी होती गं? तिनं सांगितलं की या महिन्यात तिथला स्वयंपाकी उजाडायच्या आधी उठतो अन् रोजावाल्या पोरींची ताटं झाकून ठेवतो, अन् पुस्तकांच्या इमारतीमागं नमाजाला एक स्वच्छ खोली आहे. तिचं सांगणं होईस्तोवर माझ्या पोरानं ताट वाढून मॅडमपुढं आणलं. रस्सा काय लाल झाला होता. मॅडमनं ताटाला आधी हात जोडले अन् मंग हळूच म्हणाल्या की हे ईस्टरच्या आधीचे दिवस, आमच्या उपासाचे, अन् शुक्रवारी मी मांस खात न्हाई, मला माफ करा.

बाई, डोळ्यापुढं आणा. एका अंगणात तीन उपास, अन् मधी भगुणंभर कोंबडं रटरटून राहिलेलं. पोरगा ताट धरून तसाच उभा. त्याला काय ठाऊक की ख्रिश्चनांना बी उपास असतो, आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. तुमी बी ख्रिश्चनच, तुमाला कधी पाहिलं असतं उपास करताना तर मला ठाऊक असतं, पण तुमी काय खाल्लं अन् काय सोडलं हे तुमी कुठं दाखवलं. शेवटी मीच पुढं झाले, म्हणाले, मॅडम, आमची भगर चालंल का? त्या म्हणाल्या, चालंल काय, मी नगरकडची आहे, आजी, भगर आमच्या बी घरी होती. अन् मांडी घालून आमच्यासोबत बसल्या. कोंबडं कोणी खाल्लं म्हणाल तर गाडीच्या ड्रायव्हरनं अन् माझ्या जाऊनं. जाऊचा संकष्टीचा उपास पित्तामुळं सुटलाय असं ती म्हणती. दोघांनी भगुण्याचा तळ दिसेस्तोवर न्याय दिला.

जेवणं झाली अन् पोरानं पान पुढं केलं. मॅडमनं ते हातात धरलं, खाल्लं न्हाई. पोरगा खाली पाहून म्हणाला, "मॅडम, मी आडाणी मानूस, सरळ इचारतो. तुमी माझ्या पोरीला बाटवनार का?" जाऊ हात धुवायची थांबली.

मॅडमनं हातातलं पान खाली ठेवलं. मंग म्हणाल्या, "आमची युनिव्हर्सिटी येशूच्या नावानं उभी राहिली, ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. घंटा होते, प्रार्थना होते. तुमची मुलगी गायला येते कारण तिला गायला आवडतं. तिला कोणी ओढून आणलं नाही, कोणी ओढणारही नाही, हा शब्द मी देते. पण ती काय ऐकेल, त्यावर काय विचार करेल, उद्या तिच्या मनात काय येईल, ते माझ्या हातात नाही. दादा, ते तुमच्याही हातात नाही. आहे असं म्हणाले, तर तुमच्या घरचं खाऊन तुमच्याशी खोटं बोलल्यासारखं होईल."

"घ्या, कबूलच करून राहिली," जाऊ म्हणाली. पोरगा उठला अन् गोठ्याकडं चालता झाला.

अन् मी तिथं बसल्या बसल्या आमच्या माहेरच्या ओसरीवर जाऊन पोचले. तुमी दारात उभ्या आहात, उन्हातून चालत आलेल्या, चपला हातात. तीन चार दिवस मी शाळेत आले न्हाई म्हणून आल्यात. मी आत कणगीच्या मागं उभी आहे, मला तुमचा आवाज येतो, तोंड दिसत न्हाई. गावात तेव्हा बी हेच बोलणं होतं. बाई एकटी राहती, जेवायच्या आधी डोळे मिटती, नाताळाला पोरींना गूळभात खाऊ घालती, एक दिवस पोरींना घेऊन जाईल. मला तुमी त्या नाताळाला एक चित्र दिलं होतं, त्यात घरावर, झाडावर, रस्त्यावर सगळीकडं पांढरंच पांढरं. मी म्हणाले, बाई, यांचा कापूस वेचायला माणसं मिळाली न्हाईत का? तुमी एवढ्या हसल्या की तुमचा चष्मा निसटला, अन् मंग मला बर्फ म्हणजे काय ते सांगितलं. ते चित्र आमच्या घरात सापडलं अन् माझी शाळा थांबली. माझा बाप तुमाला म्हणाला, पोरीला तुमच्या देवाचं काही सांगणार न्हाई अशी शपथ घ्या, उद्यापासून पाठवतो. कोणी बी घेतली असती. तुमी म्हणल्या, "ती विचारते, बाई, जेवायच्या आधी डोळे का मिटता. विचारलं तर सांगते. विचारू नको, असं लेकराला कसं सांगू?" बाप म्हणाला, झालं मंग. तुमी तरी उभ्याच होत्या. माझ्या बाजूनं कोणी तरी बोलंल अशी वाट पाहत होत्या का? माझी आई चुलीपाशी होती, तिचा आवाज पुरुषांपुढं निघत नसे. मंग तुमच्या चपला जमिनीवर टेकल्याचा आवाज आला अन् तुमी परत निघाल्या.

मी गोठ्याकडं गेले. पोरगा गायीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, "माय, ती नुसतं न्हाई म्हनली असती तर मी आत्ता पोरगी गाडीत बसवली असती. एका शब्दाचं काम होतं. आता भावकीला काय सांगू?"

मी म्हणाले, "नुसतं न्हाई म्हनली असती तर मी पोरगी पाठवू दिली नसती."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी या घरात सासू आहे, पण बाहेरच्या गोष्टीत असं ठाम काही बोललेली त्याला आठवत नसंल. मी म्हणाले, जी बाई आपलं नुकसान दिसत असताना गोड खोटं बोलत न्हाई, ती तुझ्या लेकीला तिकडं काही बाही सांगून फसवंल का? ती उपास करती, पण ताटातलं बाजूला सारताना तिनं तुझी माफी मागितली. तिच्यासोबतची पोरगी तिथं राहून रोजे करती. तुझी लेक तिथं राहून तुझी लेक राहीलच. अन् तिला पुढं काही वेगळं वाटलं तर ती तुला येऊन सांगंल, कारण तिथं तिला कारण देऊन बोलायलाच शिकवतात. मंग मी त्याला तुमचं सांगितलं. कणगीचं, चपलांचं, सगळं. त्यानं एवढं आयुष्य माझ्यासोबत काढलं अन् हे त्याला मी कधी सांगितलंच नव्हतं.

तो म्हणाला, "मला वाटायचं गावात चौथीच्या फुडं शाळाच नव्हती."

"होती," मी म्हणाले.

आमी परत अंगणात आलो तोवर नात वावरातून आली होती. आधी तिला मैत्रीण दिसली, मंग मॅडम, मंग तीन दगडांची चूल अन् रिकामं भगुणं. तिला सगळा घोळ एका नजरेत कळला अन् ती अशी हसायला लागली की डोळ्यांतून पाणी. किती दिवसांनी, बाई. कोणालाच ईस्टरचं ठाऊक नव्हतं का म्हणत म्हणत ती मैत्रिणीच्या गळ्यात पडली, पिवळे हात तिच्या ओढणीला लागले. मैत्रीण म्हणाली, तुझ्या बशांना मी रोज पाहते, विहिरीकडची अजून जिती आहे, पण बांधाकडची वाळून चालली, मला तुझ्यासारखं येत न्हाई. मॅडम म्हणाल्या की तुझ्या त्या मांडणीत मला एक चूक दिसली होती, पण ती चूक नसून माझंच वाचायचं चुकलं असंल तर ते मला कोण सांगणार, तू तर इथं बसलीस. अन् मंग तिघी मातीबद्दल बोलायला लागल्या. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, मधी मैत्रिणीची दखनी. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी पाहत होते. माझी नात हात हलवून मॅडमला सांगून राहिली होती की असं न्हाई, असं, अन् मॅडम, ज्यांनी एवढी पुस्तकं पालथी घातलीत, त्या लिंबाच्या मुळावर बसून मान वाकवून ऐकत होत्या. देवळात आरतीच्या वेळेला उभं राहावं तसं मला झालं. शिकणं म्हणजे हे असतं होय. मी खांबाजवळ बसून त्याचा नुसता उंबरा पाहिला होता.

पोरगा बाजूला उभा राहून ऐकत होता. ऊन कललं होतं. तो लेकीला म्हणाला, "कोनत्या कोपऱ्यातली माती लागती?"

तिनं आधी मॅडमकडं पाहिलं. मंग म्हणाली, बांधाकडची. अन् जिथं या साली कंद सडलाच न्हाई, त्या मधल्या पट्ट्यातली बी. त्यानं खुंटीवरचं खुरपं घेतलं, रिकामी पिशवी झटकली. जाऊ म्हणाली, दिवस बुडायला आला, आता कुठं निघाला? तो म्हणाला, मातीला. अन् गेला. मॅडमनं चष्मा काढून पदरानं पुसला, पुसायसारखी धूळ त्याच्यावर मला तरी दिसली न्हाई.

दिवस बुडाला तेव्हा रोजावाल्या पोरीनं पिशवीतून खजूर काढले, एक माझ्या सुनेला दिला, एक मला. आमचा चंद्र उगवायला अजून अवकाश होता, उपास त्यावरच सोडू म्हणून आमी ते मुठीतच धरून बसलो. पाण्याचा तांब्या मी माझ्या हातानं तिच्यापुढं धरला. ती ओंजळीत काही तरी पुटपुटली, मॅडम डोळे मिटून बसल्या, सून तुळशीपाशी दिवा लावत होती, अन् जाऊ, जिला कसलाच उपास नव्हता, ती सुद्धा डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. पोरगा माती घेऊन आला. पिशवीवर त्यानं कोळशानं लिहिलं होतं, मधला पट्टा. त्यांना पुढं किनवटकडं अजून एका पोरीच्या घरी जायचं होतं, तिची बी जागा रिकामी आहे. परतताना इकडूनच जाऊ, तुमच्या लेकीला सोबत घेऊन जाऊ, असं मॅडमनं पोराला सांगितलं. तो म्हणाला, तिची बॅग तयार ठेवतो.

आज शनिवार आहे. घरात पापड लाटून राहिलेत, नात गाणं म्हणून राहिली, कोणतं ते मी विचारलं न्हाई. हे पत्र मी कुठं टाकणार? तुमाला पुरलं ते ठिकाण सुद्धा मला ठाऊक न्हाई. मी सासरी होते, निरोप आला तोवर सगळं होऊन गेलं होतं. घडी घालून माझ्या चांगल्या साडीत ठेवते. ती साडी मी सकाळीच पेटीतून वर काढून ठेवलीय, अन् काहून काढली ते घरात अजून कोणाला सांगितलं न्हाई. गाडीचं दार लागायच्या आधी मी मॅडमजवळ वाकून विचारलं होतं की तुमच्या वर्गात एखाद्या दिवशी म्हातारीला बसू देतात का. त्या म्हणाल्या, गाडीत जागा आहे, आजी. मी व्हय म्हणून बसले. पोराला कसं सांगावं ते सुचून न्हाई राहिलं, पण मंगळवारपर्यंत सुचंल. मंगळवारी येतो म्हणल्यात, उन्हं चढायच्या आधी.